जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क 'टक् टक्' करू लागली? नवी बसवण्याआधी हे वाचा

विंडोज ९८, पेजमेकर, श्रीलिपीसारखं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि मागे प्रिंटरच्या पोर्टला लावलेलं डोंगल. महाराष्ट्रातल्या कितीतरी छापखान्यांत आणि डीटीपी सेंटरमध्ये असा एखादा कॉम्प्युटर अजूनही कोपऱ्यात उभा असतो. तो रोज लागत नाही. पण वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची ठरली की पुन्हा त्याचंच बटण दाबावं लागतं.

असे कॉम्प्युटर फक्त छापखान्यांतच नसतात. वर्कशॉपमधल्या सीएनसी मशीनला, लॅबमधल्या उपकरणाला किंवा एखाद्या जुन्या काट्यालाही असा कॉम्प्युटर जोडलेला असतो. "नवा का घेत नाही?" असा प्रश्न सगळे विचारतात. पण आत बसवलेलं कार्ड नव्या मदरबोर्डवर बसत नाही, सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही आणि डोंगलसाठी लागणारं पोर्टच नव्या मशीनला नसतं. मराठी फायलींची आणखी एक अडचण आहे. तो मजकूर युनिकोडमध्ये नसतो. मूळ फॉन्ट आणि मूळ सॉफ्टवेअर नसेल तर स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात.

अशा कॉम्प्युटरमधला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे हार्ड डिस्क. ती बंद पडली की बाकीचं मशीन धडधाकट असूनही उपयोग नाही. चांगली गोष्ट ही की तिच्या जागी आजची मेमरी कार्डं किंवा एसएसडी बसवता येतात. त्यासाठी लागणारे अडॅप्टर फार महागही नाहीत. फक्त काम योग्य क्रमाने करावं लागतं, कारण क्रम चुकला तर कॉम्प्युटर वाचतो आणि फायली जातात.

हार्ड डिस्क बिघडते का?

हार्ड डिस्कच्या डबीत चकचकीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. तबकडीच्या वर एक बारीक हेड तरंगत असतं. दोघांमधलं अंतर माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी कमी असतं. इतक्या कमी अंतरावर वर्षानुवर्षं काम करायचं म्हणजे झीज आलीच. बेअरिंगमधलं वंगण आटतं, तबकडीचे काही भाग वाचता येईनासे होतात, हेड कमजोर होतं. काही जुन्या डिस्कमध्ये आतले रबराचे छोटे तुकडे वितळून चिकट होतात आणि हेड तिथेच अडकून बसतं.

म्हणजे डिस्क वापरली तर झिजते आणि नुसती पडून राहिली तरी बिघडू शकते. म्हणूनच "दहा वर्षं हात लावला नाही, म्हणजे नव्यासारखी असेल" हा समज चुकीचा आहे.

धोक्याची लक्षणं कोणती?

• ठरावीक अंतराने टक्-टक् आवाज येणं. हेडला जागा सापडत नाही, ते परत परत सुरुवातीला जातं, तेव्हा असा आवाज येतो.
• चिरका किंवा घरघर आवाज येणं.
• एखादी फाइल उघडताना कॉम्प्युटर बराच वेळ गोठून राहणं.
• स्कॅनडिस्क चालवल्यावर बॅड सेक्टर वाढत जाणं.
• सुरू होताना डिस्क कधी सापडणं, कधी न सापडणं.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धानंतरच्या बहुतेक डिस्कमध्ये 'स्मार्ट' नावाची तपासणीची सोय असते. त्यातले ५ आणि १९७ हे दोन क्रमांक पाहावेत. पहिला बदललेले सेक्टर सांगतो, दुसरा वाचताना अडलेले सेक्टर सांगतो. हे आकडे शून्याच्या वर जाऊन वाढू लागले असतील तर डिस्कवर भरवसा ठेवू नये.

आधी कॉपी, मग बाकी सगळं

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. डिस्क कुरकुरू लागली की लोक आधी डीफ्रॅग किंवा स्कॅनडिस्क चालवतात, नाहीतर विंडोज पुन्हा टाकून पाहतात. यातली प्रत्येक गोष्ट मरणपंथाला लागलेल्या डिस्ककडून आणखी मेहनत करून घेते, वर तिच्यावर नवीन काहीतरी लिहिते. म्हणून लक्षणं दिसली की कॉम्प्युटर बंद करावा आणि डिस्क काढून तिची पूर्ण प्रतिमा बनवावी.

प्रतिमा म्हणजे फक्त फायलींची कॉपी नाही, तर पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत जे आहे ते जसंच्या तसं. त्यात विंडोज, फॉन्ट, सेटिंग, डिस्क सुरू करणारा भाग असं सगळं येतं. ही प्रतिमा नव्या कार्डावर उतरवली की जुना कॉम्प्युटर होता तसा सुरू होतो, काहीही पुन्हा इन्स्टॉल करावं लागत नाही. ज्या सॉफ्टवेअरची मूळ सीडी केव्हाच हरवली आहे, तिथे हाच एक मार्ग उरतो.

यासाठी जुनी डिस्क यूएसबी अडॅप्टरने एखाद्या चालू कॉम्प्युटरला जोडतात. डिस्कच्या मागचा जंपर 'मास्टर'वर ठेवावा. विंडोजला जोडल्यावर "ही डिस्क फॉरमॅट करायची का?" असा संदेश आला तर न चुकता 'कॅन्सल' दाबावं. त्यापेक्षा पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून तिथे 'डीडी-रेस्क्यू' हा मोफत प्रोग्राम वापरणं बरं. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, खराब जागा सोडून पुढे जातो आणि शेवटी त्या जागांवर पुन्हा प्रयत्न करतो. कुठवर काम झालं याची नोंदही तो एका फायलीत ठेवतो. त्यामुळे डिस्क मध्येच थांबली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

एक काळजी मात्र डोळ्यांत तेल घालून घ्यावी. कोणती डिस्क 'कुठून' आणि कोणती 'कुठे', हे आकारमान आणि मॉडेल नंबर पाहून दोनदा तपासावं. ही दोन नावं उलटी पडली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, आणि मग काहीही परत येत नाही.

डिस्क सतत टक्-टक् करत असेल किंवा फिरतच नसेल, आणि आतला डेटा अनमोल असेल, तर घरगुती प्रयोग थांबवावेत आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे जावं. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना उपाय करू नये. बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरतं आणि उरलीसुरली आशाही जाते. डबी उघडून पाहणं तर त्याहून वाईट. धुळीचा एक कणही हेडच्या आणि तबकडीच्या मधल्या जागेपेक्षा कितीतरी मोठा असतो.

दुकानातून नवी डिस्क का आणता येत नाही?

जुन्या कॉम्प्युटरमध्ये डिस्क रुंद, चपट्या केबलने जोडलेली असते. या जोडणीला आयडीई म्हणतात. ती १९८० च्या दशकाच्या मध्यात आली आणि पुढे जवळपास वीस वर्षं तिचंच राज्य होतं. डेस्कटॉपच्या डिस्कला ४० पिना असतात, लॅपटॉपच्या लहान डिस्कला ४४. जास्तीच्या पिनांतून वीज जाते, त्यामुळे लॅपटॉपमध्ये वेगळी वायर लागत नाही.

२००३ मध्ये साटा आली. केबल अरुंद झाली, वेग वाढला आणि काही वर्षांत कंपन्यांनी आयडीई डिस्क बनवणंच बंद केलं. आता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत विचारलं, तर मिळाली तरी ती बहुधा वापरलेलीच डिस्क असते. एका म्हाताऱ्या डिस्कच्या जागी दुसरी म्हातारी डिस्क बसवण्यात फारसा अर्थ नाही. म्हणून अडॅप्टरचा मार्ग घ्यावा लागतो.

पर्याय १ : कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड

हे कार्ड सॅनडिस्कने १९९४ मध्ये आणलं आणि पुढे ते डिजिटल कॅमेऱ्यांत गाजलं. याची खुबी अशी की हे कार्ड आतूनच आयडीईची भाषा बोलतं. त्यामुळे अडॅप्टरला फारसं डोकं लागत नाही. एका बाजूच्या पिना दुसऱ्या बाजूच्या पिनांना जोडल्या की काम झालं. डॉस, विंडोज ९५ आणि ९८ च्या काळातल्या मशीनसाठी हा सगळ्यात साधा उपाय आहे.

अडचण विंडोज एक्सपीत येते. कॅमेऱ्यासाठी बनवलेली बरीच कार्डं स्वतःची ओळख 'काढता येणारी डिस्क' अशी करून देतात आणि एक्सपीला ते चालत नाही. कारखान्यांसाठी बनवलेली कार्डं स्वतःला 'कायमची डिस्क' म्हणवतात. ती महाग असली तरी जास्त वेळा लिहिणं सोसतात. रोज चालणाऱ्या मशीनसाठी तीच घ्यावीत.

पर्याय २ : साटा एसएसडी आणि मधला पूल

नेहमीची अडीच इंची एसएसडी घ्यायची आणि तिला आयडीईमध्ये बदलणारी छोटी पट्टी मध्ये लावायची. या पट्टीवर भाषांतर करणारी एक चिप असते. विंडोज २००० आणि एक्सपीच्या मशीनसाठी हा पर्याय चांगला.

खरेदी करताना एक गोष्ट नीट पाहावी. हे अडॅप्टर दोन दिशांचे असतात. एक 'जुनी आयडीई डिस्क नव्या साटा मदरबोर्डला' जोडतो, दुसरा 'नवी साटा डिस्क जुन्या आयडीई मदरबोर्डला' जोडतो. दिसायला दोन्ही सारखेच. आपल्याला दुसरा हवा असतो आणि घाईत बरेच जण पहिला घेऊन येतात. काही अडॅप्टर दोन्ही दिशांनी चालतात, पण त्यावर तसा स्विच किंवा जंपर असतो.

पर्याय ३ : एसडी कार्ड

मोबाइल आणि कॅमेऱ्यातलं एसडी कार्डही आयडीई अडॅप्टरने बसतं. ते स्वस्त आहे आणि कुठेही मिळतं. पण सतत बारीक-बारीक लिहिणं हे त्याचं काम नव्हे. कधीतरीच सुरू होणाऱ्या मशीनला ते पुरतं. दिवसभर चालणाऱ्या मशीनला नाही.

आणि स्कझी असेल तर?

जुन्या मॅकिन्टॉशमध्ये आणि काही औद्योगिक यंत्रांत आयडीईऐवजी स्कझी नावाची जोडणी असते. ॲपलने १९८६ च्या मॅकिन्टॉश प्लसपासून ती वापरली. तिथे वरचे अडॅप्टर चालत नाहीत. त्यासाठी ब्लू-स्कझी, झुलू-स्कझी यांसारखे बोर्ड मिळतात. त्यांच्यात एसडी कार्ड घालायचं आणि कार्डावर डिस्कच्या प्रतिमेची फाइल ठेवायची. बोर्ड त्या फाइललाच हार्ड डिस्क म्हणून मशीनपुढे उभं करतो. एका कार्डावर अनेक 'डिस्क' ठेवता येतात. फक्त स्कझीचा आयडी नंबर आणि केबलच्या टोकाचं टर्मिनेशन बरोबर असावं लागतं.

मोठं कार्ड म्हणजे चांगलं कार्ड? नाही!

आज ५१२ जीबीची एसएसडी सहज मिळते म्हणून तीच जुन्या कॉम्प्युटरला लावली तर घोटाळा होतो. जुन्या मशीनला ठरावीक आकड्यापुढे मोजताच येत नाही. या भिंती अशा आहेत :

• ५२८ एमबी : १९९० च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यातल्या अनेक मशीनची मर्यादा. १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर यांचा गुणाकार, गुणिले ५१२ बाइट, हा तिचा हिशेब.
• २ जीबी : डॉस आणि पहिल्या विंडोज ९५ मध्ये एका पार्टिशनची मर्यादा. १९९६ च्या सुधारित विंडोज ९५ मध्ये फॅट-३२ आल्यावर ती सुटली.
• ८.४ जीबी : त्यानंतरच्या बायोसची मर्यादा.
• साधारण ३२ जीबी : १९९० च्या दशकाच्या अखेरच्या काही बायोसना याहून मोठी डिस्क दिसली की ते सुरुवातीलाच गोठतात.
• १३७ जीबी : सेक्टर मोजायला फक्त २८ बिट असल्यामुळे येणारी मर्यादा. मूळ विंडोज एक्सपीलाही ती लागू होती. सर्व्हिस पॅक १ नंतर ती दूर झाली.

शेवटची भिंत सगळ्यात फसवी आहे. तिथे कॉम्प्युटर तक्रार करत नाही. डिस्क छान चालते, भरत जाते आणि १३७ जीबीपुढचं लिहिणं काही वेळा डिस्कच्या सुरुवातीला जाऊन पडतं. तिथलं सगळं पुसलं जातं.

म्हणून मूळ डिस्कपेक्षा थोडंसंच मोठं कार्ड घ्यावं. विंडोज ९८ च्या मशीनला ८ ते ३२ जीबी भरपूर झाले. एक्सपीला १२० जीबीची एसएसडी पुरते आणि १३७ च्या आतही राहते.

बसवताना काय पाहावं?

१. कॉम्प्युटरची वायर भिंतीतून काढावी आणि कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते.

२. आयडीई केबलची लाल कड म्हणजे १ नंबरची पिन. अडॅप्टरवरच्या १ आकड्याशी ती जुळली पाहिजे. लॅपटॉपच्या ४४ पिनांत हे जास्त जपावं लागतं, कारण त्यातूनच वीज येते. उलटं बसलं तर कार्ड जळू शकतं.

३. एका केबलवर दोन उपकरणं असतील, म्हणजे डिस्क आणि सीडी ड्राइव्ह, तर एक मास्टर आणि एक स्लेव्ह असं जंपरने ठरवावं. दोन्ही मास्टर असले तर दोन्ही दिसत नाहीत.

४. जुन्या चार पिनांच्या प्लगवरून साटाचा प्लग करणारी वायर लागली तर प्लग नीट उघडून दिसणारी, पिना दाबून बसवलेली घ्यावी. प्लास्टिक ओतून बंद केलेल्या स्वस्त प्लगमध्ये पिना सरकून आतच शॉर्ट झाल्याचे आणि प्लग वितळल्याचे प्रकार जगभर झाले आहेत.

५. मदरबोर्डवरची बॅटरी पाहावी. गोल चपटा सेल संपला असेल तर बायोस डिस्कची माहिती दरवेळी विसरतो. ३८६ आणि ४८६ च्या काही बोर्डांवर पिंपासारखी रिचार्ज होणारी बॅटरी असते. ती गळून बोर्ड खाते, त्यामुळे ती आधी काढावी.

सुरू होत नाही? घाबरू नका

प्रतिमा बरोबर उतरवली आणि तरी 'ऑपरेटिंग सिस्टिम सापडली नाही' असा संदेश आला, तर बहुतेक वेळा दोष मोजणीतला असतो. बायोसमध्ये जाऊन डिस्क 'ऑटो' आणि 'एलबीए' वर ठेवून पाहावी. जुनी डिस्क वेगळ्या पद्धतीने मोजलेली असेल तर त्याच पद्धतीची निवड करावी लागते. तरीही जमलं नाही तर विंडोज ९८ च्या स्टार्टअप फ्लॉपीने सुरू करून पार्टिशन 'ॲक्टिव्ह' आहे का ते पाहावं आणि डिस्क सुरू करणारा भाग पुन्हा लिहावा.

विंडोज सुरू झालं, पण एखादं सॉफ्टवेअर "लायसन्स नाही" म्हणत असेल, तर त्याने स्वतःला मूळ डिस्कच्या कारखान्यातल्या नंबराशी बांधलेलं असू शकतं. पूर्ण प्रतिमेत पार्टिशनचा नंबर येतो, पण डिस्कचा कारखान्यातला नंबर येत नाही. डोंगलवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला हा त्रास सहसा होत नाही. डोंगल हलवलं नाही म्हणजे झालं.

बसवल्यावर फरक काय पडतो?

आवाज जातो, उष्णता कमी होते आणि मशीन चपळ होतं. केबलचा वेग तोच राहतो, पण जुनं हेड योग्य जागी पोहोचायला दरवेळी १० ते १५ मिलिसेकंद घ्यायचं, ते थांबणं संपतं. विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली वाचाव्या लागतात, त्यामुळे फरक लगेच जाणवतो.

पण नवी साठवण अमर नाही. फ्लॅश मेमरीवर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते. जुन्या विंडोजला एसएसडीची काळजी घेणारी 'ट्रिम' ही सूचनाही देता येत नाही. म्हणून डिस्कचा काही भाग पार्टिशन न करता मोकळा ठेवावा, रॅम वाढवता आली तर वाढवावी आणि डीफ्रॅग करू नये. आणखी एक गोष्ट. फ्लॅश मेमरी विजेशिवाय वर्षानुवर्षं पडून राहिली तर तिच्यातला डेटा हळूहळू पुसट होऊ शकतो. मशीन अधूनमधून सुरू करावं आणि कार्डालाच बॅकअप समजू नये.

जुन्या डिस्कचं काय करायचं?

लगेच फेकू नये. तिच्यावर तारीख आणि मशीनचं नाव लिहून ती कोरड्या जागी ठेवावी. काढलेली प्रतिमा किमान दोन ठिकाणी ठेवावी, एक त्या इमारतीबाहेर. आणि हाच मुहूर्त साधून जुना मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, छापलेल्या पानांच्या पीडीएफ करून ठेवाव्यात. मूळ सॉफ्टवेअर आणि फॉन्ट चालू आहेत तोवरच हे सोपं आहे.

सगळं व्यवस्थित चालतंय याची काही महिने खात्री झाली की मगच जुनी डिस्क ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावी. त्याआधी ती पुसावी किंवा फोडावी, कारण बंद पडलेल्या डिस्कमधूनही लोकांची नावं, पत्ते आणि हिशेब बाहेर काढता येतात.

घरात, दुकानात किंवा शाळेच्या कपाटात असा एखादा कॉम्प्युटर असेल, तर तो बंद पडायची वाट पाहू नका. तो नीट सुरू होतोय त्याच दिवशी डिस्कची प्रतिमा काढा. अडॅप्टर नंतरही मिळेल.